शुअर एसएम५८: भजनात खणखणीत, रॅपरच्या मुठीत घुसमट

म्हापशात साउंड भाड्यानं द्यायचा आमचा धंदा वडिलांपासूनचा. माझ्याकडचे शुअर कंपनीचे एसएम५८ माईक जत्रेतली नाटकं, लग्नं, प्रचारसभा आणि आता पणजीतले रॅपचे कार्यक्रम, असं सगळं सोसून उभे आहेत. तेव्हा नवा डबा उघडून कौतुक करणाऱ्यांतला मी नव्हे. हे मॉडेल १९६६ सालचं आहे आणि अजून विकलं जातं, यातच बरंच आलं.

वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास. आत बॅटरी नाही, फँटम पॉवरची, म्हणजे मिक्सरकडून केबलमधून येणाऱ्या विजेची, गरज नाही. जाळी चेपली तर फिरवून काढायची, नवी बसवायची. जाळीच्या आतला स्पंज साबणाच्या पाण्यात धुऊन नीट वाळवायचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण रॅपच्या एका संध्याकाळी एकच माईक दहा-पंधरा पोरांच्या तोंडासमोरून जातो आणि प्रत्येकजण त्यात थुंकीसकट जीव ओततो. भजनी मंडळाचा बुवा निदान हातभर लांब बसतो.

आता मुख्य तक्रार, आणि ती माईकची कमी, पोरांची जास्त. हा माईक समोरचा आवाज घेतो आणि मागचा टाळतो. त्यासाठी जाळीखाली मागच्या बाजूनं हवा आत जायला वाट ठेवलेली असते. रॅपर लोक जाळी अख्खी मुठीत धरतात. वाट बंद झाली की माईक चारी बाजूंचं ऐकायला लागतो, मॉनिटरचा, म्हणजे स्टेजवर गाणाऱ्याकडे तोंड करून ठेवलेल्या स्पीकरचा, आवाज परत आत घेतो आणि शिट्टी मारतो. शब्दही पिठासारखे होतात. पणजीतल्या कांपालला वाळपईचा एक पोरगा मराठी-कोंकणी मिसळून फार सुंदर म्हणत होता, पण मागच्या रांगेला एक अक्षर कळत नव्हतं. मी स्टेजखालून ओरडलो, "बाबू, हात खाली घे!" तर माईकवरूनच म्हणाला, "काका, तसं धरलं की फील येत नाही." लोक हसले. मी मिक्सरवर खालचा बेस कापला, मॉनिटर उतरवला आणि त्याचा फील त्याला ठेवू दिला. तरीही बाकी स्वस्त माईकांपेक्षा हा उशिरा शिट्टी मारतो, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

वडिलांच्या वेळी माईक कुणाच्या हातात असायचा? सरपंच, प्रमुख पाहुणे, नाटकाचा निवेदक. कोंकणी-इंग्लिश गाणाऱ्या बँडचे बीट शो असायचे, तिथं गायकाच्या. २००७ ला कांदोळीला सनबर्न हा डान्स म्युझिकचा महोत्सव सुरू झाला. किनाऱ्यावरच्या पार्ट्या त्याआधीही होत्याच, पण त्या गर्दीत आमच्या गावच्या पोराला माईक कोण देणार? तो पार्किंग सांभाळायचा, नाहीतर पाण्याच्या बाटल्या विकायचा. मग मुंबईच्या गल्लीतलं रॅप मोबाईलवर आलं, २०१९ ला त्याच्यावरचा 'गली बॉय' हा हिंदी पिक्चर आला, गोव्याचाच रॅपर त्सुमयोकी बाहेर नाव काढायला लागला, आणि माझ्याकडे फोन सुरू झाले: "अंकल, दोन माईक आणि एक स्पीकर. कमी करा ना." हिप-हॉप १९७३ ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये शाळा सुरू व्हायच्या आधीच्या पार्टीत जन्मलं म्हणतात. पणजीत ते संध्याकाळी पाचला, कटलेट-पाव खात सुरू होतं. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावता येत नाही हे एक कारण. दुसरं, आणि खरं, म्हणजे लांबच्या सत्तरी-पेडण्याच्या पोरांची शेवटची बस.

विषयही बदललेत. सुरुवातीला सगळे मुंबईची भाषा मारायचे, न पाहिलेल्या चाळींबद्दल. आता मांडवीतले कॅसिनो येतात, स्मार्ट सिटीनं खणून ठेवलेले पणजीचे रस्ते येतात, विकलेली शेतं येतात. डिचोलीच्या एकीनं दारात उभ्या राहिलेल्या खाणीच्या ट्रकबद्दल रॅप म्हटलं होतं. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा ती जेमतेम शाळेत जात असेल. तिनं माईक बरोबर धरला होता, जाळीच्या खाली, तोंडापासून दोन बोटांवर. इतक्या जवळ आवाजाला आपोआप भार येतो, हा या माईकचा गुणच. प्रत्येक शब्द रस्त्यापलीकडे पोचला. तिची आई स्कूटरवर हेल्मेट न काढता ऐकत होती.

घेताना एवढं बघा. ऑनलाइन नकली फार आहेत. एका ग्रुपनं निम्म्या किमतीत मिळाला म्हणून मिरवत आणलेला हातात घेताच हलका लागला, आणि आवाज डब्यातून यावा तसा. ओळखीच्या दुकानातून, बिलासकट घ्या. स्विच नसलेलं मॉडेल घ्या. स्विच असला की बुवांचा अंगठा अभंगाच्या मध्यात नेमका त्यावर पडतो आणि सगळे माझ्याकडे बघतात. केबल चांगली घ्या, निम्मी खरखर तिथलीच असते.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बंद खोलीतल्या रेकॉर्डिंगसाठी. तिथं याहून बारकावे पकडणारे माईक मिळतात. आणि माझ्यासारखे भाड्यानं देणारे असाल तर रॅपच्या पोरांकडून जाळीचं डिपॉझिट वेगळं घ्या. शेवटच्या ओळीनंतर माईक खाली टाकायची त्यांना भारी हौस आहे.