निळ्या पानांचा गिफ्ट पेपर: आठ महिने वापरून झाल्यावर

बारा कागदांच्या पुस्तकातले नऊ संपले, तीन उरलेत. साडेनऊशे रुपये मोजले होते, म्हणजे एक कागद ऐंशीच्या घरात पडला. आमच्या सांगलीत पंधरा रुपयांत चकचकीत गिफ्ट पेपर मिळतो, त्यामुळे घरात या खरेदीची चेष्टा अजून चालू आहे. पण नक्षी बघून राहवलं नाही. अठराव्या शतकात कोरोमंडल किनाऱ्यावर रंगवून युरोपात गेलेलं कापड, त्यावरची ही मोठाली लाल फुलं आणि नागमोडी फांद्या. माझी आजी असल्या कापडाला चीट म्हणायची. चिटाचा परकर, चिटाची दुलई. इंग्रजीतलं चिंट्झ ते हेच.

पार्सल फोडलं तर पानं निळी. फुलं लाल, देठ काळपट, आणि झाडून सगळी पानं निळीशार. दिरांचा मिरजेत छापखाना होता. पिवळी शाई न बसल्यामुळे फसलेली लग्नपत्रिका मी तिथे बघितलेली आहे. तोरणाची आंब्याची पानं अशीच निळी आली होती. म्हटलं, आपल्या गळ्यात रद्दी मारली.

तक्रार केली. उत्तर आलं, ‘प्रिय ग्राहक, स्क्रीनवरच्या आणि प्रत्यक्षातल्या रंगात थोडा फरक असू शकतो.’ थोडा? हिरव्याचा निळा झालाय! चार वेळा फोटो पाठवले, अकरा दिवस हुज्जत घातली. शेवटी माल तुम्हीच ठेवा म्हणाले आणि दीडशे रुपये परत केले. मी एक स्टार ठोकला आणि त्या रात्री फार छान झोप लागली.

मग फेब्रुवारीत भाचीच्या डोहाळजेवणाला साडी गुंडाळायला पुस्तक काढलं, तेव्हा शेवटच्या पानावरचा बारीक मजकूर पहिल्यांदा वाचला. जुन्या चिटात हिरवा असा वेगळा रंग नसायचाच. कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवायचे, म्हणजे रंग फुटत नाही. जिथे लाल हवा तिथे तुरटीचं पाणी, जिथे काळा हवा तिथे लोखंडाचं, आणि मग कापड रंगाच्या पाण्यात उकळायचं. निळ्यासाठी बाकी सगळ्या कापडावर मेण चढवून ते निळीत बुडवायचं. पान हिरवं दिसायला हवं तर त्या निळ्यावर वरून पिवळा हात फिरवायचा. नीळ टिकली, पिवळा उडाला. आज संग्रहालयात ते कापड निळ्या पानांचं दिसतं, आणि कागदावर छापलंय ते तसंच्या तसं.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, ‘त्यात काय एवढं? हळदीचा डाग उन्हात टाकला की जातोच की.’ जन्म हळदीच्या पेठेत गेला आणि हे मला सुचू नये! त्यात आणखी फजिती अशी की साइटवरच्या फोटोतही पानं निळीच होती. मी रात्री मोबाइलचा पिवळा उजेड लावून बघितली, म्हणून हिरवट वाटली. स्टार वाढवून तीन केले. दीडशे रुपये परत केले नाहीत.

(याच कापडापायी फ्रान्सने 1686 ते 1759 अशी त्र्याहत्तर वर्षं बंदी घातली होती, तिथल्या रेशीम-लोकरवाल्यांचा धंदा बसतो म्हणून. आपल्याकडे त्याचे परकर व्हायचे.)

तीनच का, पाच का नाहीत? घडीमुळे. कागद जाड आहे, सेलोटेप उचकटला तरी रंग निघत नाही, हे मान्य. पण रंग नुसता वरच्या अंगाला आहे, आतून कागद पांढराफेक. खोक्याच्या कडेवर नख फिरवून घडी बसवली की शाई तडकते आणि फुलाच्या मधोमध पांढरी रेघ उमटते. चांदीच्या निरांजनाच्या खोक्याच्या चारही कडा अशा दिसत होत्या की जणू आधी कुणीतरी उघडून परत बांधलंय. ऐंशी रुपयांच्या कागदाला हे शोभत नाही. पाच कागद वाया घालवल्यावर कळलं की लांबीच्या दिशेने घडी घातली तर तडकत नाही, आडवी घातली की तडकते. आता आडव्या घडीला नख लावत नाही, तळहाताने गोल दाबते. एवढी एक ओळ त्या शेवटच्या पानावर छापली असती तर काय बिघडलं असतं? दूध, हिरडा, मेण सगळं सांगितलं, घडीचं तेवढं राहिलं.

तेलाच्या वस्तूला वापरू नका. पुण्याच्या नणंदेला भडंगाचा पुडा यात बांधून दिला, स्वारगेट येईपर्यंत लाल फुलाभोवती तेलाचं तळं झालं होतं.

हल्ली मी घरातल्या आहेराचा कागद परत मागून घेते. बारशाला मुलं फाडायला धावली तर मी आधी टेप ब्लेडने कापला, लोक हसले. असे वाचवलेले दोन तुकडे देवघराच्या ड्रॉवरमध्ये अंथरलेत. तिथे ऊन येत नाही, तरी मी अधूनमधून पानांकडे बघते.

उरलेले तीन दिवाळीपर्यंत पुरवायचे आहेत. नवं पुस्तक सेलमध्ये आठशेच्या खाली आलं तर घेईन.