'मोफत पाणी तपासणी'वाल्यांना घरात घेऊ नका, माझे २०,९४९ रुपये गेले

हिशोब आधी देतो. यूपीआयने ५,००० ॲडव्हान्स, आरओ (पाणी गाळून क्षार काढणारं मशीन) बसवल्यावर रोख ११,८००, प्री-फिल्टरचे ६५०, आणि तिसऱ्या दिवशी एएमसीचे (वार्षिक देखभाल कराराचे) ३,४९९. एकूण २०,९४९. परत मिळाले शून्य. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. विद्युत अपघटनाची, म्हणजे पाण्यातून वीज सोडण्याच्या प्रयोगाची, आकृती दरवर्षी फळ्यावर काढतो, धनाग्र-ऋणाग्र (अधिक आणि उणे बाजूची कांडी) उलटं लिहिलं की पोरांचे मार्क कापतो.

खेळ तुम्हाला माहीतच असेल. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं आरओचं. वर चार कांड्यांचं यंत्र, प्लग भिंतीत. दोन मिनिटांत नळाचं पाणी आधी हिरवट, मग तपकिरी, वर घाणेरडा फेस. आरओचं जेमतेम पिवळसर. मग प्रश्न येतो, "सर, आजी हेच पाणी पितात ना?" आई नुकतीच टायफॉइडमधून उठली होती. त्या क्षणी धनाग्र आठवत नाही हो कुणाला. निदान मला आठवला नाही.

पण दिसलं होतं. हेच डोक्यातून जात नाही. यंत्र पिशवीतून काढल्यावर त्या पोराने कांड्या फडक्याने पुसल्या. प्रत्येक ग्लासासाठी दोन कांड्या, एक चकचकीत, एक काळपट. चकचकीत ॲल्युमिनियमची, ती वरपासून खालपर्यंत सारखी. काळपट लोखंडाची, आणि ती खालच्या बोटभर भागात निमुळती झालेली, टोक काढलेल्या पेन्सिलीसारखी. फडक्यावर गंजाचे डाग. मला वाटलं, यंत्र जुनं असेल. अरे, झिजलेलं लोखंड गेलं कुठे? माझ्याआधीच्या कितीतरी घरांतल्या ग्लासांत गेलं!

आता नीट सांगतो. यंत्रात डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, त्यामुळे लोखंडी कांडी धनाग्र होते. तिथे लोखंड विरघळून फेरस आयन पाण्यात उतरतात. ॲल्युमिनियमच्या कांडीवर हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि हायड्रॉक्साइड तयार होतं. दोन्ही भेटले की हिरवट फेरस हायड्रॉक्साइडचा साका. त्याला हवेतला ऑक्सिजन मिळाला की तपकिरी फेरिक हायड्रॉक्साइड, म्हणजे सरळ भाषेत गंज. वरचा फेस म्हणजे बुडबुड्यांनी उचललेला तोच साका.

आकडे बघा. नळाच्या पाण्यातून ५० मिलिअँपिअर प्रवाह दोन मिनिटं गेला की ६ कूलॉम. फॅरेडेच्या नियमाने त्यात साधारण १.७ मिलिग्रॅम लोखंड विरघळतं. २०० मिलिलिटरच्या ग्लासात ते लिटरला जवळजवळ ९ मिलिग्रॅम पडतं. पिण्याच्या पाण्यात लोह लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवं, म्हणजे त्यांनी माझ्याच ओट्यावर पाणी नासवून मलाच दाखवलं. आरओच्या पाण्यात क्षार नगण्य, वीज नीट वाहत नाही, प्रवाह सात-आठ मिलिअँपिअरवर अडकतो, म्हणून लोखंडही त्या प्रमाणात कमीच सुटतं. स्वच्छतेचा यात काडीचा संबंध नाही. विश्वास नसेल तर त्यांच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला लावा. ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षा लवकर आणि जास्त तपकिरी होईल. मीठ टाकू देत नसतील तर दार दाखवा.

घरी करून बघायचं तर ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी घ्या. भिंतीच्या प्लगचे उद्योग करू नका, पाण्यात उघड्या कांड्या आणि २३० व्होल्ट हा जिवाशी खेळ आहे, आणि ते लोक तो लहान पोरांसमोर करतात. दोन लोखंडी खिळे, ग्लासभर पाणी, चिमूटभर मीठ, पाच-दहा मिनिटं. रंग येतो. मग खिळ्यांच्या जागी पेन्सिलीची दोन शिसं लावा, पाणी त्याच नळाचं पण ताजं घ्या, यावेळी मीठ नको. बुडबुडे येतील, तपकिरी काही येणार नाही. मग घाण पाण्यात होती की खिळ्यात?

दुसरा खेळ थेंबांचा. ऑर्थोटोलिडीन (क्लोरीन ओळखायचं रसायन) टाकलं, नळाचं पाणी पिवळं झालं, "बघा, केमिकल!" तो पिवळा रंग म्हणजे क्लोरीन, पालिकेने मुद्दाम ठेवलेला. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे क्लोरीन टाकलेल्या पाण्यात तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलाच पाहिजे. पिवळं झालं तर बरं आहे. आरओमधला कार्बन तो काढून टाकतो, म्हणून मशीनच्या टाकीत पाणी दोन दिवस पडलं तर त्याला राखण करणारं काहीच नसतं. त्यांचं पाणी 'अल्कलाइन' (आम्लाच्या उलट) आहे असं दाखवणाऱ्या जांभळ्या थेंबांवर तर बोलायलाच नको, पोटातल्या हायड्रोक्लोरिक आम्लापुढे त्या पाण्याचं काय चालणार.

आणि टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवणारा. मी नंतर २५० रुपयांचा आणला (हेही नुकसानीतच धरा). आमच्या नळाचा टीडीएस ९०. मर्यादा ५००, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. म्हणजे आरओची गरजच नव्हती, कार्बन आणि यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) पुरे होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं की ५०० च्या खाली आरओ नको, कारण पाणी वाया जातं. आमचं मशीन एका लिटरला तीन लिटर मोरीत सोडतं. शिवाय मीटर फक्त वाहकता मोजून आकडा दाखवतो. आमटीत बुडवा, हजारोंत जाईल. जंतू, आर्सेनिक त्याला दिसत नाहीत.

आता तक्रारीचं ऐका. फोन महिनाभर लागला, मग बंद. पोलीस ठाण्यात म्हणाले, तुम्ही पैसे दिले, मशीन मिळालं, चालतंय, मग फसवणूक कसली? यूपीआयचा पुरावा दाखवला तर म्हणे हे सायबरमध्ये बसत नाही, माणूस तुमच्या स्वयंपाकघरात उभा होता. पालिकेच्या कार्यालयात पाण्याचा नमुना घेतला, बारा दिवसांनी 'पिण्यास योग्य' असा कागद दिला, आणि फिल्टरवाले आमचा विषय नाही म्हणाले. वैधमापनवाले म्हणाले, कांडी हे वजनमाप नाही. अन्न खात्यात सांगितलं, नळाचं पाणी आमच्याकडे येत नाही. शेवटी एका साहेबांनी माझं ओळखपत्र वाचलं आणि विचारलं, "तुम्ही केमिस्ट्रीचे ना?" त्यासाठी पाच खेपा आणि दोन रजा.

तुम्ही एवढं करा. बिल जीएसटी क्रमांकासह घ्या, माझ्याकडे नुसती पावती आहे. मशीनवर आयएस १६२४० (आरओ मशीनसाठीचं भारतीय मानक) आणि मानक चिन्ह बघा. प्रयोगाचा व्हिडिओ काढा, काढू दिला नाही तर उत्तर मिळालंच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवून क्रमांक ठेवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात हे अनुचित व्यापारी प्रथेत बसतं, जिल्हा आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षं. माझा अर्ज गेलाय. पुराव्यात मी दोन खिळे आणि बॅटरी जोडणार होतो, वकील नको म्हणाले.

सध्या ती टोळी आमच्या बी विंगमध्ये फिरतेय. पांढरे शर्ट, निळी बॅग, रविवारी सकाळी दहा-अकराच्या सुमारास, घरात म्हातारं माणूस असेल तिथे जास्त वेळ बसतात. मिठाची डबी हाताशी ठेवा.