दंडावरचा साखर मोजणारा सेन्सर: १४ दिवसांचा अनुभव

मला मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. मागच्या तपासणीत एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी, ७.१ आल्यावर घरच्यांना हायसे वाटले. परंतु महिनाभरात तीनदा पहाटे घामाने भिजून, छातीत धडधडत मला जाग आली होती आणि त्या आकड्याशी याचा काही मेळ बसत नव्हता. पूर्वीच्या दवाखान्यात रिपोर्ट पाहून दोन मिनिटांत चिठ्ठी हाती पडत असल्याने असे काही सांगायला उसंतच मिळत नसे. नौपाड्यातील आताच्या डॉक्टरांनी सगळे नीट ऐकून घेतले, एचबीएवनसी ही दोन-तीन महिन्यांची सरासरी असल्याने त्यात चढ आणि उतार एकमेकांना झाकून टाकतात हे समजावले आणि १४ दिवसांचा सेन्सर लावायला सांगितले.

दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी अशी ही चकती दंडाच्या मागच्या बाजूला बसते. लावताना मुंगी चावल्याइतकेच दुखले. तिचा बारीक तंतू रक्तातली नव्हे, तर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे साखर झपाट्याने चढत वा उतरत असताना आकडा काही मिनिटे मागे राहतो. शिवाय त्याच कुशीवर झोपल्यास दाबामुळे तो खोटा कमी दिसू शकतो. म्हणून चौथ्या रात्री तीन वाजता मोबाइलवर ५८ दिसताच मी आधी बोटातून रक्त तपासले. ग्लुकोमीटरने ६३ दाखवले, म्हणजे साखर खरोखरच उतरली होती. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायलो, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा ८९ झाली होती.

या सेन्सरचे खरे मोल मला त्यानंतरच्या भेटीत कळले. जेवण, गोळ्या, चालणे आणि झोप यांच्या वेळा वहीत लिहायला डॉक्टरांनी आधीच बजावले होते. ती वही आणि आलेख शेजारी ठेवून त्यांनी अर्धा तास एकेक दिवस माझ्याबरोबर वाचला. संध्याकाळची ग्लिमेपिराइडची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, त्यात माझे जेवण सातलाच उरकलेले आणि वर तलावपाळीला दोन फेऱ्या. पहाटेची घसरण त्यातून होत असावी, असे सांगून त्यांनी त्या गोळीची मात्रा निम्मी केली. दिवसाची गोष्ट उलटी होती. संकष्टीच्या दुपारी साबुदाण्याच्या खिचडीनंतर साखर २६२ वर गेली होती. नुसत्या पोह्यांनी ती २१४ पर्यंत चढे. पोहे निम्मे करून सोबत मोड आलेल्या मुगाची वाटीभर उसळ घेतली, तेव्हा १७० च्या आत राहिली.

उणिवाही आहेत. पहिल्या दिवसाचे आकडे ग्लुकोमीटरशी बरेच विसंगत होते, तर नवव्या दिवशी लोकलच्या गर्दीत कोणाच्या तरी पिशवीचा पट्टा अडकून चकतीची कड उचकटली. ती वैद्यकीय पट्टीने चिकटवून मी उरलेले दिवस काढले. एका चकतीला काही हजार रुपये पडतात, त्यामुळे दरमहा ती लावणे माझ्यासारख्या निवृत्त माणसाला परवडणारे नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या अशा गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र ती एकदा तरी लावावी, असे मला मनापासून वाटते. फक्त विकत घेण्याआधी आपले डॉक्टर आलेख बसून वाचणार आहेत का, हे विचारून घ्यावे. मात्रा बदलल्यापासून पाच आठवड्यांत मला पहाटे एकदाही तशी जाग आलेली नाही.