हायड्रसमध्ये जमिनीखालचं ठिबक: बरेच महिने वापरल्यावर

बरेच महिने हायड्रस टू-डी/थ्री-डी या मातीतल्या पाण्याची हालचाल दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर जमिनीखालच्या ठिबकची मॉडेलं चालवतोय आणि आता खात्रीने सांगतो, यात सगळा खेळ ड्रिपरच्या छोट्याशा वर्तुळाचा आहे, म्हणजे मॉडेलमधल्या उभ्या कापात ठिबकची नळी (लॅटरल) जिथे दिसते ते वर्तुळ. मातीचे थर, मुळांच्या शोषणाचं फेड्स मॉडेल (मातीच्या ओलीप्रमाणे मुळं किती पाणी घेतील ते सांगणारं), वर हवामान, खाली मोकळा निचरा, हे सगळं पटकन लागतं. वेळ द्यायचा तो वर्तुळाला.

आकडेच बघा ना. ड्रिपर तासाला १ लिटरचे, ३० सेंमी अंतरावर, म्हणजे लॅटरलच्या दर सेंमीमागे तासाला साधारण ३३ घन सेंमी पाणी. लॅटरल १ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ धरलं तर परीघ ६.२८ सेंमी, भागाकार केला की फ्लक्स (वर्तुळाच्या कडेतून मातीत जाणाऱ्या पाण्याचा वेग) तासाला ५.३ सेंमी, दिवसाला १२७! आणि सॉफ्टवेअरच्या तयार यादीतल्या चिकणमातीची संपृक्त वाहकता (पूर्ण भिजलेल्या मातीतून पाणी जाण्याचा वेग) आहे दिवसाला फक्त ४.८ सेंमी. वर्तुळाला नुसता व्हेरिएबल फ्लक्स (वेळेप्रमाणे आपण ठरवून दिलेला फ्लक्स) दिला तर मॉडेल ते सगळं पाणी मातीत कोंबतं आणि वर्तुळाजवळचा दाब वाढतच जातो. शेतात तसं होत नाही, माती पाणी घेईना की ड्रिपरच्या तोंडाशी उलटा दाब येतो नि साध्या ड्रिपरचा डिस्चार्ज कमी होतो. यासाठी हायड्रसमध्ये वेगळा ऑप्शन आहे, ड्रिपरचं कॅरॅक्टरिस्टिक फंक्शन (दाब आणि डिस्चार्जचं नातं) भरलं की उलट्या दाबाप्रमाणे फ्लक्स आपोआप घटतो. भारी जमिनीत हे चालू नसेल तर त्या रिझल्टवर मी तरी निर्णय घेणार नाही. प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (दाब बदलला तरी डिस्चार्ज जवळपास तेवढाच ठेवणारे) असतील तर गोष्ट वेगळी.

मेश (हिशोबासाठी मातीचे पाडलेले बारीक तुकडे) वर्तुळाभोवती अर्ध्या सेंमीची ठेवा, लांब ५ सेंमी चालते. अगदी कोरड्या वाळूपासून सुरुवात केली तर मातीतल्या पाण्याच्या हालचालीचं रिचर्ड्सचं समीकरण (१९३१चं, अजून सगळी भिस्त त्यावरच) कन्व्हर्ज व्हायला, म्हणजे उत्तरावर स्थिरावायला फार त्रास देतं, टाइम स्टेप बारीक होत होत रन जागेवरच थांबल्यासारखा होतो, म्हणून सुरुवातीचा ओलावा जरा वाढवून आधी पाण्याच्या एखाद-दोन पाळ्या चालवून घ्यायच्या आणि मगच खरा हिशोब धरायचा.

मला सगळ्यात जास्त काय आवडलं तर लॅटरलची खोली ठरवताना होणारी मदत. २५ सेंमी खोलीवर वाळूत ओल सरळ खाली पळते, वरचा थर कोरडाच, म्हणजे बी उगवणार कसं? पाणी वाढवलं तरी ते मुळांच्या खालून निघून जातं. तेच पोयट्यात ओल छान वर चढते आणि आडवीही पसरते. हे चित्र स्क्रीनवर एकदा पाहिलं की एकाच खोलीची शिफारस सगळ्या जमिनींना का चालत नाही ते समजावून सांगावं लागत नाही.

एक लक्षात ठेवा, बाष्पीभवन आणि पिकाचं बाष्पोत्सर्जन वेगवेगळं भरावं लागतं, एकत्र आकडा असेल तर पानांच्या क्षेत्रावरून तोडून घ्या.

टू-डीला पैसे पडतात, हायड्रस वन-डी (फक्त उभ्या दिशेचा हिशोब करणारं) मोफत आहे. वन-डीत आडवा पसारा दिसतच नाही त्यामुळे ठिबकला ते पुरणार नाही, पण मातीचे पॅरामीटर्स आणि फेड्सच्या मर्यादा समजून घ्यायला आधी तेच वापरा.