आहारविकारांसाठीचा (ईटिंग डिसऑर्डर) आधारगट, एरंडवणे, पुणे

वजन, उष्मांक आणि कपड्यांचे माप यांचे आकडे उच्चारायचे नाहीत, हा नियम येथे काटेकोरपणे पाळला जातो. कारण आकडे आले की तुलना सुरू होते आणि आजारच प्रतिष्ठेचा विषय बनतो. संकष्टीच्या उपवासाआड जेवण टाळल्यावर घरातून कौतुकच कसे होते, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मात्र याच जवळिकीत आजार हीच ओळख होऊन बसण्याचा धोका असतो, म्हणून समुपदेशक बाई बोलणे मुद्दाम नोकरी, गाणे, भांडणे यांकडे वळवतात, ते मला सर्वांत मोलाचे वाटले. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी नियमावलीमध्ये २०१३ साली स्वतंत्र निदान ठरलेल्या ‘बिंज ईटिंग’च्या, म्हणजे ताबा सुटून अति खाण्याच्या विकाराच्या, रुग्णांना (बहुधा अंगकाठीमुळे) थोडे उपरे वाटते. गट वैद्यकीय उपचारांना पर्याय नाही, हे आधीच सांगितले जाते.