८००० हर्ट्‌झची ‘टक्’: घरी कान तपासायचं सॉफ्टवेअर, पावसाळाभर वापरल्यावर

लायसन्सच्या नूतनीकरणाचा मेल आलाय. १,३०० रुपये पुन्हा भरायचे की नाही हे ठरवायचंच होतं, तर अनुभव सविस्तर लिहूनच टाकतो. हेडफोन लावा, सूर आला की स्पेसबार दाबा, शेवटी दोन्ही कानांचा आलेख येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. ते परत सांगत नाही. सॉफ्टवेअरचं नावही देत नाही, कारण खाली जो दोष सांगतोय तो आणखीही कुठे असू शकतो आणि तो प्रत्येकाने आपापल्या कानाने तपासलेला बरा.

मी घेतलं ते एका दुकानावरच्या रागाने. जालन्यात सळईच्या रोलिंग मिलमध्ये उभी हयात गेली. गेल्या वर्षी टीव्हीच्या आवाजावरून घरात रोज बोलणं व्हायला लागलं, म्हणून कानाची मशीन विकणाऱ्या एका दुकानात ‘मोफत तपासणी’ला गेलो. रस्त्याला लागून गाळा, दार सताड उघडं, बाहेर ॲपेरिक्षांची रांग. तसल्या गोंगाटात तपासणी झाली आणि लगेच निकालही लागला: दोन्ही कान सारखेच गेलेत, दोन मशीन लागतील, ६४,००० रुपये, आज ॲडव्हान्स दिला तर सूट. तपासणीचा कागद मागितला तर म्हणे मशीन घेतल्यावर देतो. माझ्या कानाचा कागद मलाच नाही! तिथून उठलो आणि कुणाचं ऐकून न घेता स्वतःच मोजायचं ठरवलं.

सुरुवातीचे काही दिवस मांडामांडीतच गेले. ब्लूटूथ हेडफोन बाद. दोन सुरांच्या मध्ये शांतता झाली की तो झोपी जातो आणि पुढच्या सुराची सुरुवातच खातो. वायरवाला, पूर्ण कान झाकणारा, जाड गादीचा घ्या. विंडोजमधले ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा, नाहीतर बारीक आवाज ते आपणहून मोठे करतं. आवाजाची पट्टी एकदा ठरली की हलवायची नाही, आकडा वहीत लिहून ठेवायचा.

गोंगाटाचं मात्र फार जमवावं लागतं. पंखा सुरू असेल तर २५० आणि ५०० हर्ट्‌झचे जाड सूर त्यातच बुडतात आणि चांगला कान वाईट दिसतो. उन्हाळ्यात आमच्याकडे पंखा आणि कूलर बंद करून खोलीत बसणं म्हणजे शिक्षाच, म्हणून खरं काम जूनच्या पावसानंतर सुरू झालं. त्यातही नळाला पाणी आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात. त्या दिवशी चाचणी करूच नये.

मग येतो शून्याचा प्रश्न. ऑडिओग्रामवरचा, म्हणजे त्या कानाच्या आलेखावरचा, ० डीबी (डेसिबल, आवाजाच्या जोराचं माप) म्हणजे शांतता नव्हे. तरुण, निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे शून्य, आणि तो प्रत्येक वारंवारितेला (हर्ट्झमधल्या सुराच्या उंचीला) वेगळा असतो. दवाखान्यात वर्षानुवर्षं वापरात असलेल्या टीडीएच-३९ हेडफोनवर १००० हर्ट्‌झला तो प्रत्यक्षात, ध्वनिदाबाच्या मापाने, सुमारे ७ डीबी भरतो, २५० ला सुमारे २५. तुमच्या-माझ्या हेडफोनचा असा तक्ता सॉफ्टवेअरकडे नसतो. म्हणून ते सांगतं की एखाद्या तरुण माणसाला बसवून शून्य लावून घ्या. परभणीला कृषी विद्यापीठात शिकणारा पुतण्या सुट्टीत आला होता, त्याला बसवलं. पठ्ठ्याने सगळे सूर पकडले आणि हेडफोन काढता काढता म्हणाला, “काका, ह्याच्यात सुराच्या आधी टक् वाजतंय. ते तसंच असतंय का?”

तेव्हा त्या ‘टक्’कडे मी लक्ष दिलं नाही, कारण पुढचा निकालच खूश करणारा होता. पद्धत दवाखान्यातलीच: ऐकू आलं की १० डीबी खाली, नाही आलं की ५ वर. कार्हार्ट आणि जर्गर या श्रवणतज्ज्ञांनी १९५९ मध्ये नीट बसवून दिलेली हीच रीत आजही चालते. आलेख आला तो असा (आकडा जितका मोठा तितकं कमी ऐकू येतं, आणि आलेखात तो तितका खाली): ४००० ला दोन्ही कान ५५ च्या आसपास, म्हणजे मिलची कमाई. पण ५०० ला डावा २५ आणि उजवा ४०. दुकानदार म्हणाला होता दोन्ही सारखेच! दुसऱ्या रात्री, तिसऱ्या रात्री, फरक तोच. हेडफोन उलटा घालून पाहिला तरी फरक उजव्या कानासोबतच राहिला. म्हणजे दोष हेडफोनचा नव्हता.

तो आलेख छापून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेला. त्यांनी आधी कानात बघितलं. उजव्या कानात मळाचा काळा दगड झालेला. थेंब घालून मऊ केला आणि पुढच्या खेपेला काढला. घरी येऊन त्याच खोलीत, त्याच हेडफोनवर, त्याच पट्टीवर चाचणी केली: उजवा ५०० ला २५. मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. ६४,००० मधला निम्मा आजार चिमट्याने निघाला होता.

तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच तारे दिले असते. आता तसं नाही.

मळ काढल्यावर डॉक्टरांनी त्यांच्या बंद खोलीत रीतसर ऑडिओमेट्री केली. ४०० रुपये, कागद हातात. हाडावरून जाणारा आवाजही मोजला. कानामागे कंपन देणारा तुकडा बसवून ते करतात आणि दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या कानात किंवा नसेत, हे त्यावरून कळतं. घरच्या सॉफ्टवेअरला ते जमतच नाही. माझ्या मळाचा फरक त्याने दाखवला, पण मळ आहे असं ते कधीच सांगू शकलं नसतं. बाकी आकडे जवळपास जुळले. फक्त ८००० ला घरी ४० आणि दवाखान्यात ६५.

२५ चा फरक ही लहान गोष्ट नाही. आवाजाने बिघडलेल्या कानाचा आलेख बहुधा ४००० च्या आसपास खड्ड्यात जातो आणि ८००० ला पुन्हा वर येतो. वयाने कमी होणारा कान मात्र पुढे घसरतच राहतो. घरचा आलेख बघून मी नक्की म्हणत होतो की सगळं मिलचंच. दवाखान्याच्या आलेखात ८००० वर येतच नाही, वयाचाही वाटा त्यात दिसतो. एका बिंदूने सगळी कहाणीच बदलली. आणि तो बिंदू चुकला त्या ‘टक्’मुळे.

कारण साधं आहे. सूर एकदम पूर्ण जोराने सुरू केला की सुरुवातीच्या क्षणी त्यात फक्त ८००० राहत नाही, खालच्या-वरच्या सगळ्या वारंवारिता मिसळतात. तीच टक्. माझा कान ८००० ऐकत नव्हता, टक् मधला खालचा भाग ऐकून स्पेसबार दाबत होता. खात्रीसाठी मोफत मिळणाऱ्या ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ८००० चा सूर तयार केला. तसाच वाजवला तर टक् स्पष्ट. दोन्ही टोकांना बारीकसा ‘फेड’ (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) देऊन तितक्याच जोरात वाजवला तर काहीच नाही, पडद्यावरची आवाज दाखवणारी पट्टी हलत होती पण कानात शुकशुकाट. दवाखान्यातल्या यंत्रात सूर हळूच चढतो आणि हळूच उतरतो, तसं मानकच आहे.

हे सगळं नीट लिहून, दोन्ही ध्वनिफिती जोडून कंपनीला पाठवलं. उत्तर आलं: सॉफ्टवेअर काढून परत टाका. टाकलं. टक् जिथल्या तिथे. पुन्हा लिहिलं तर हेडफोन महागाचा घ्या म्हणाले. सूर सॉफ्टवेअरने बनवलाय, त्यात हेडफोनचा काय संबंध? दोन-चार ओळींची दुरुस्ती आहे, आणि त्यांना ती करायची नाही. चकचकीत नवं रूप आणि रंगीत अहवाल मात्र प्रत्येक अपडेटला येतो.

त्यामुळे आता मी ते एवढ्यापुरतंच वापरतो: महिन्यातून एकदा, २५० ते ४००० पर्यंत, डावा-उजवा फरक आणि मागच्या महिन्याशी फरक. इथे ते विश्वासाचं आहे, कारण चूक असली तरी दर वेळी सारखीच असते. ‘अमुक डीबी म्हणजे मध्यम दोष’ असला शेरा ते देतं तो मी वाचत नाही. नुसतं ‘दाखवायला हवं का’ एवढंच कळायचं असेल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणलेलं ‘हिअरडब्ल्यूएचओ’ मोबाइलवर फुकट आहे. त्यात गोंगाटात बोललेले आकडे ओळखायचे असतात, आवाज आणि गोंगाट यांचं प्रमाण मोजलं जातं, त्यामुळे शून्य लावायची कटकट नाही. आणि एखादा कान अचानक, एका रात्रीत गेला तर यातलं काहीच उघडू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उपचार पहिल्या काही दिवसांतच लागू पडण्याची शक्यता जास्त असते.

नूतनीकरण करत नाही. १,३०० रुपयांत दवाखान्यातली तपासणी तीनदा होते. मधल्या काळासाठी ऑडॅसिटीत फेड दिलेले सूर मी बनवून ठेवलेत, पुतण्याच्या कानाने त्यांचं शून्यही लावलंय. तुम्ही घेणार असाल तर आधी चाचणी आवृत्ती उतरवा, ८००० हर्ट्‌झ निवडा, आवाज मध्यम ठेवा आणि घरातल्या लहान पोराला विचारा, सुराच्या आधी काही वाजतंय का. वाजत असेल तर पैसे भरू नका, आणि का भरले नाहीत ते त्यांना कळवा. एकट्याने सांगितलेलं ते ऐकत नाहीत.