अकरा महिने वापरलेली पोकळ रोप चेन आणि तिची ती मोकळी कडी

भाऊबीजेला चेन तुटली, त्याच रात्री हे लिहायला बसले होते. तेव्हाचा मसुदा म्हणजे नुसत्या शिव्या होत्या. तो तसाच पडून राहिला ते बरं झालं, कारण त्यातल्या निम्म्या शिव्या चुकीच्या जागी होत्या.

चेन अशी: २२ कॅरेट, ९१६ (म्हणजे ९१.६ टक्के सोनं), १८ इंच, पोकळ रोप, म्हणजे दोरासारखा पीळ दिलेली, ९.८७० ग्रॅम. २०२५ च्या गुढीपाडव्याला, ३० मार्चला, दादरच्या एका पेढीतून घेतली. बावीस कॅरेटचा भाव तेव्हा तोळ्याला, म्हणजे दहा ग्रॅमला, ८४ हजारांच्या आसपास होता. घडणावळ १८ टक्के सांगितली होती, ती रडूनभेकून १४ वर आणली. वर ३ टक्के जीएसटी आणि हॉलमार्कचे ४५ रुपये. सगळं मिळून ९७ हजारांच्या वर गेलं. पुढच्याच महिन्यात चोख सोन्याने लाखाचा आकडा गाठला तेव्हा मी घरात दोन दिवस अर्थमंत्र्यासारखी फिरत होते.

आई आधीपासून विरोधात. तिचं म्हणणं, "वेढणी घे, साधी सोन्याची वळी. चेनीची घडणावळ म्हणजे सोनाराची दिवाळी." बाबांचा गोफ तीस वर्षं गळ्यात आहे, त्याला एक पोचा नाही, हेही तिने ऐकवलं. पण तो गोफ भरीव, हाताने केलेला. तेवढ्या जाडीची भरीव चेन मला पंधरा-सोळा ग्रॅमच्या खाली मिळत नव्हती, आणि मला हवी होती ती दिसायला भरदार, खिशाला हलकी. लग्नात, हळदीकुंकवात कोणी वजन करत नाही. खोटं कशाला बोलू, पोकळ चेनीचा सगळा बाजार या एका वाक्यावर चालतो.

पहिले अडीच महिने काही म्हणजे काही तक्रार नव्हती. रोपचा पीळ उजेडात छान चमकतो, केसात अडकत नाही, मानेला टोचत नाही. याआधी माझ्याकडे स्नेक चेन होती, सापाच्या पाठीसारखी गुळगुळीत. एकदा झोपेत दुमडली ती दुमडलीच, तो मोड कुठल्याही सोनाराला काढता आला नाही. तिच्यापुढे ही फारच गुणी.

आता ती कडी.

हूक आणि चेन यांना जोडणारी एक बारीक गोल कडी असते. माझ्या चेनीची ती कडी नुसती वाकवून तोंडाला तोंड भिडवलेली होती, डाख दिलेला नव्हता, म्हणजे तोंड धातू वितळवून सांधलेलं नव्हतं. हे मला दुकानात कळलं नाही. कळलं ते जूनमध्ये. मुलुंडहून सकाळची फास्ट लोकल पकडली, घाटकोपरला नेहमीसारखा लोंढा आत आला, कोणाच्या तरी पाठीवरच्या बॅगेचा पट्टा माझ्या मानेवरून घासत गेला आणि गळ्यातलं काहीतरी सैल झालं. छातीवर हात घट्ट दाबून मी सीएसएमटीपर्यंत तशीच उभी. ऑफिसच्या बाथरूममध्ये पाहिलं तर चेन कुर्त्याच्या आत, ओढणीच्या पिनेला लटकलेली. हूक शाबूत, चेन शाबूत. कडीने मात्र जबडा उघडावा तसं तोंड उघडलेलं.

मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन त्या कडीचे मी किती फोटो काढले ते सांगायची लाज वाटते. नवऱ्याने मोजले, एकोणीस.

पेढीत गेले. समोरचा मुलगा म्हणाला, "ताई, ती कडी मोकळीच ठेवतात." मी म्हटलं, "मोकळी ठेवायला मी ९७ हजार दिले का?" तो म्हणाला, डाख लावतो, मजुरी साडेतीनशे. मी म्हटलं, तुमच्या मालातला दोष, मजुरी कसली? दुसऱ्या खेपेला त्यांचा कारागीर रजेवर. तिसऱ्या खेपेला मी फ्रिजवरचा महाबळेश्वरचा मॅग्नेट घेऊन गेले. लॉबस्टर हुकाच्या आत खटका परत मिटवणारी स्प्रिंग असते ती बहुधा स्टीलची. सोनं चुंबकाला चिकटत नाही, माझा हूक मॅग्नेटकडे टुणकन ओढला गेला. सोन्याच्या भावात स्टील मोजून दिलंत, हे मी काउंटरवर जरा मोठ्यानेच म्हणाले. शेजारी मंगळसूत्र बघत बसलेल्या बाई वळून बघायला लागल्या आणि कडीला फुकटात डाख मिळाला.

(स्प्रिंगचं वजन किती असणार, काही मिलिग्रॅम. हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझे तीन शनिवार गेले होते. बाकी मुंबईच्या घामात सोन्याला काही होत नाही, या स्प्रिंगला होतं. माझा खटका सप्टेंबरात जड झाला होता, मशीनच्या तेलाचा थेंब सोडल्यावर सुटला.)

तर मी जिंकले, असं मी चार महिने सगळ्यांना सांगत होते. २३ ऑक्टोबरला भाऊबीज. भाऊ, वहिनी आणि नऊ महिन्यांचा भाचा आमच्याकडे आले. भाच्याला कडेवर घेतलं, त्याने चेन मुठीत धरली आणि लोंबकळला. डाख दिलेली कडी जागची हलली नाही. चेन तुटली. हुकापासून दोन बोटांवर पीळ उसवला, दोन कड्या चपट्या झाल्या. माझ्या मानेवर लाल वळ उठला तो दोन दिवस होता.

पेढीतला तोच मुलगा म्हणाला, "पोकळ आहे ताई. डाख आत उतरतो, तेवढा भाग ताठ होतो. गॅरंटी नाही. बदलूनच घ्या." बदलण्याचा हिशोब मी तिथेच मोबाईलवर मांडला. माझं सोनं आजच्या भावाने घेणार हे खरं, भाव वाढलाय हेही खरं. पण पहिली घडणावळ, साडेअकरा हजार, पाण्यात. नव्या चेनीची घडणावळ टक्क्यात, म्हणजे भाव चढला की तीही आपोआप चढते. तेवढ्याच वजनाला तेच १४ टक्के आता १५ हजारांच्या पुढे जात होते, कारागिराची मेहनत तीच असून. शिवाय जीएसटी पुन्हा नव्या बिलावर. सोनं महागल्याचा आनंद मला त्या खुर्चीत बसून पहिल्यांदा कमी झाला. तुटकी चेन उचलली आणि निघाले.

नोव्हेंबरात ऑफिस सुटल्यावर फोर्टमधून चालत झवेरी बाजार गाठला. काळबादेवीला आता भुयारी मेट्रोही जाते, पण तेवढ्या अंतराला तिकीट काढणं माझ्या स्वभावात नाही. मुंबादेवीच्या मागे, एका लाकडी जिन्याच्या इमारतीत, मैत्रिणीच्या ओळखीचा बंगाली कारागीर. खोली एवढीशी, सगळे खाली बसून काम करणारे, प्रत्येकाच्या पुढ्यात कीस पडायला ट्रे. तिथला केरसुद्धा फेकत नाहीत, त्यातून सोनं काढणारे झारेकरी वेगळे असतात, हे ऐकून होते. म्हणून मी आधी काट्यावर वजन करायला लावलं, आकडा वहीत लिहिला, मगच चेन हातात दिली. ९.८६२. सात-आठ महिन्यांची झीज आणि पहिला डाख धरून आठ मिलिग्रॅमचा फरक. याबद्दल कोणालाही काही बोलायला जागा नाही.

त्याने भिंग लावून चेन फिरवली आणि मला पोकळ चेन कशी बनते ते सांगितलं. तांब्याच्या किंवा लोखंडाच्या तारेवर सोन्याचा पातळ पत्रा गुंडाळतात, त्याच्या कड्या करून पीळ घालतात आणि मग आतली तार तेजाबात विरघळवून टाकतात. उरते ती सोन्याची नळी, बाजूला बारीक फट असलेली. म्हणून ती जोराने ओढली की ताणत नाही, चपटी होते आणि उसवते. मग त्याने माझ्या लाडक्या डाखावर नख ठेवलं. "मॅडम, इसको क्यूँ बंद किया? ये तो फ्यूज है."

पोकळ चेनीत सगळ्यात आधी सुटावी अशी एक जागा लागते, आणि ती हुकाजवळची कडी. ती पाच मिनिटांत परत बसवता येते. जूनमध्ये पट्टा ओढला गेला तेव्हा ती सुटली म्हणून चेन आणि मान दोन्ही वाचल्या. मी भांडून भांडून तीच बुजवून घेतली होती. तीन शनिवार खर्चून. पेढीतल्या त्या मुलाला हे एका वाक्यात सांगता आलं असतं, पण त्यालाही ते माहीत नसावं, त्याला फक्त "मोकळीच ठेवतात" एवढं पाठ होतं. यावर माझं मत अजून पक्कं होत नाही. भरीव चेनीला मी आजही कडीला डाखच मागेन, कारण ती मोकळी कडी उघडली आणि चेन रुळांवर पडली तर फ्यूजचं कौतुक कोणाला? पोकळ चेनीला मात्र नाही.

उसवलेला भाग जोडायचा नाही, कापून टाकायचा आणि हूक पुढे सरकवायचा, असं ठरलं. दीड इंच गेला. जुना हूक काढताना त्याच्या शेजारची पत्र्याची बारीक टिकलीही तो चेनीच्या तुकड्याबरोबर बाजूला टाकत होता. मी जवळजवळ ओरडले. हॉलमार्क त्या टिकलीवरच आहे! बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची खूण, २२के९१६ आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा नंबर. १ एप्रिल २०२३ पासून सोनाराला एचयूआयडीशिवाय असा दागिना विकता येत नाही, आणि उद्या मोडायला गेले तर तीच माझी साक्ष. टिकली परत लावून घेतली. घरी येऊन बीआयएस केअर ॲपमध्ये नंबर टाकला, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता बरोबर आली. कोणाचीही चेन दुरुस्तीला जात असेल तर बाकी सगळं विसरा, ती टिकली तेवढी मोजून परत घ्या.

घेताना मी एक वेंधळेपणा केला होता तोही सांगते. पूर्ण वेळ "केडीएम आहे ना?" विचारत होते, आमच्या शेजारच्या काकूंनी शिकवलं म्हणून. केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाख. त्याची वाफ कारागिरांच्या फुफ्फुसात जाते म्हणून तो मागे पडला. शुद्धतेची खूण तो कधीच नव्हता. दुकानदार मान डोलावत होता, त्याचं काय जातंय.

निगा फार नाही. महिन्यातून एकदा दोन-तीन रिठे कोमट पाण्यात भिजवते, त्या फेसात चेन दहा मिनिटं, मग बाळाचा मऊ टूथब्रश. टूथपेस्ट नको, ती खरवडते. पोकळ चेनीच्या फटीत पाणी शिरतं, म्हणून पंच्यावर पसरून रात्रभर पंख्याखाली वाळवते. अत्तर आधी, चेन नंतर. मुलाला पोहायला सोडायला जाते त्या दिवशी चेन घरीच, क्लोरीन हुकाला आणि डाखाला चांगला नाही. ठेवताना हूक बंद करून छोट्या झिपच्या पिशवीत, नाहीतर बाकीच्या माळांत असा गुंता होतो की सोडवताना पोकळ कडी चेपते. पॉलिश मी करून घेतलं नाही आणि घेणारही नाही, प्रत्येक पॉलिशमध्ये वरचं सोनं थोडं जातं. दारावर येणाऱ्या "दागिने उजळून देतो" वाल्याला तर जिना चढू देऊ नका, त्याच्या वाटीतल्या तेजाबात तोळ्याचे मासे होतात.

दुरुस्तीला चारशे रुपये लागले. कडी परत मोकळी. चेन आता साडेसोळा इंच, आणि यात मला अनपेक्षित फायदा झाला. आधी ती कुर्त्याच्या गळ्याबाहेर यायची आणि बॅगांच्या पट्ट्यांना आमंत्रण द्यायची. आता गळ्याच्या खळीत बसते, ओढणीखाली पूर्ण झाकते. गेले चार महिने त्याच गाडीत, त्याच गर्दीत, कडी एकदाही उघडली नाही. आधीच सोळा घेतली असती तर हजारो रुपये वाचले असते, पण दुकानात सगळे १८ च पुढे करतात. पदक मात्र काढून ठेवलं. जड पदकाची कडी पोकळ चेनीवर एकाच जागी घासत राहते.

राहिला तो दीड इंचाचा तुकडा, ०.७८० ग्रॅम, औषधाच्या पुडीत. आई म्हणते, भाच्याचे कान अजून टोचायचेत, सुंकल्यांना तेवढं सोनं पुरेल. म्हणजे ज्याने चेन तोडली त्याच्याच कानात. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्या तुकड्याची घडणावळ मी भरलेली आहे.